वारी महिन्याची, पागा बारा महिन्यांची

(दिंडीच्या शताब्दी वर्षात माऊलींसाठी अश्वांची जोडी ठेवावी आणि पागा बांधावी, असा विचार पुढं आला. त्यावर विचार करण्यासाठी भरलेल्या सर्व गावांच्या बैठकीत दिंडीच्या हिशेबनिसांनी केलेलं भाषण.)





आजचा विषय सगळ्यांना ठाऊक आहे. दिंडीला शंभर वर्षं झाली. एका भाविकानं घोड्यांची जोडी द्यायची तयारी दाखवली आहे. दुसऱ्या एका शेतकऱ्यानं गावाला लागून पागेसाठी जागा देतो म्हणून सांगितलं आहे. तरुण पोरांनी तर भूमिपूजनाची तारीखसुद्धा काढून ठेवली. त्यांचा उत्साह पाहून आनंद होतो. पण मी पडलो वहीवाला माणूस. कीर्तनकारानं भाव सांगावा, हिशेबनिसानं भाव विचारावा. दोघांचा भाव वेगळा, पण देवाला दोन्ही लागतात. म्हणून आज मी फक्त हिशेब मांडतो. निर्णय तुम्ही करायचा.

आधी हे घोडं वारीत आलं कुठून ते बघू. माऊलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. १८३२ च्या सुमारास त्यांनी हा लवाजमा उभा केला आणि त्या कामी अंकलीच्या शितोळे सरकारांचं मोठं पाठबळ मिळालं. अंकली हे बेळगाव जिल्ह्यातलं, चिकोडीकडचं गाव. तिथून दोन अश्व दरवर्षी पायी आळंदीला येतात. तीनशेच्या आसपास किलोमीटर चालत येतात, आणि तिथून पुढं पंढरीची वाट धरतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर गादी असते, पण माणूस नसतो. तो माऊलींचा. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, पुरंदावडे, वाखरी इथं गोल रिंगण होतं, आणि तो मोकळ्या पाठीचा घोडा धावला की लाखभर माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. तुकोबारायांच्या सोहळ्यातही बेलवाडीला, अकलूजला रिंगण होतं. आपल्या जिल्ह्यातून परभणी, दैठणा, गंगाखेड अशी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी जाते, तिच्यासोबतही अश्व असतात. आपल्या पोरांनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, आपल्या दिंडीतही असावं. यात गैर काही नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याला त्या अश्वांचं धावणं दिसतं ते घटका-दोन घटकेचं. बाकी वर्षभर ते अंकलीत कुणीतरी खरारा करून, दाणा देऊन, फिरवून सांभाळलेले असतात. एका घराण्यानं पिढ्यान् पिढ्या हे ओझं उचललं, म्हणून रिंगण होतं. २०१८ साली पालखी पुण्यात असताना हिरा नावाच्या अश्वाचं निधन झालं, तरी सोहळा थांबला नाही, कारण मागं पागा होती, दुसरा अश्व होता. आणि २०२०-२१ आठवा. कोरोनात पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी. बसनं पंढरपूरला गेल्या. त्या दोन वर्षांत आपल्या दिंडीचा खर्च जवळजवळ शून्य होता. पण ज्यांच्या दारी घोडं होतं त्यांचा दाणा एक दिवसही थांबला नाही. वारी महिन्याची असते. पागा बारा महिन्यांची असते.

घोडा पाळणं महाग आहे, हे आपल्या पूर्वजांना चांगलं माहीत होतं. शिवाजी महाराजांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारचा. सभासदाच्या बखरीत सरकारी पागेची रचना दिली आहे. पंचवीस घोड्यांमागं एक पाणी आणणारा पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे स्वारांच्या आधी पाणी आणि नाल यांची सोय. महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीला लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात लढाईची गोष्ट नाही. दाणा-वैरण पावसाळाभर पुरेल अशी बेतानं वापरा, आत्ताच उधळली तर पुढं घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, असा त्याचा आशय. पुढं असंही बजावलंय की रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल, गंजी पेटेल, आणि वैरण गेली की घोडी गेली. एवढा मोठा राजा, पण वैरणीच्या गंजीत आणि उंदराच्या तोंडात लक्ष घालत होता. आपण तर साधे शेतकरी. आपण लक्ष घालायला नको?

आता बांधकामाकडं येतो. दोन घोडी धरू, कारण घोडा कळपाचं जनावर आहे. एकटा ठेवला तर तो लाकूड चावतो, हवा गिळतो, डोलत राहतो. दोन ठाणं, प्रत्येकी १२ फूट बाय १२ फूट. शेजारी तेवढीच एक खोली मोतद्दाराची. समोर ८ फुटांचा ओटा, तिथं खरारा आणि नालबंदी होईल. झालं ३६ बाय २०, म्हणजे ७२० चौरस फूट. वैरणीची खोली वेगळी, पागेपासून लांब, १८० चौरस फुटांची. ती लांब का, ते आत्ताच सांगितलं.

आपली जमीन कोणती? काळी कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. कितीतरी घरांच्या भिंती अशाच तडकल्यात. म्हणून तीन फूट काळी माती काढून मुरूम भरावा लागेल. ७२० गुणिले ३, म्हणजे २१६० घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २१.६ ब्रास. धुम्मसनं चोपला की मुरूम बसतो, म्हणून २७ ब्रास धरा. वरचा थर गुळगुळीत सिमेंटचा नको, घोडं घसरतं आणि पाय मोडलं की संपलं. चोपलेला मुरूम, बाहेरच्या बाजूला हलका उतार, म्हणजे मूत्र साचणार नाही. मूत्र साचलं की त्याच्या वाफेनं डोळे आणि छाती धरते, आणि खुराचा तळवा कुजतो.

छत उंच हवं, दहा-बारा फूट. आपल्याकडं मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो. नुसत्या पत्र्याखाली बांधलेलं घोडं म्हणजे भट्टीतलं घोडं. जुन्या माळवदाच्या घरात थंड का वाटायचं ते म्हाताऱ्यांना विचारा. पत्रा घालायचाच तर उंच घाला, वरच्या बाजूला हवा जायला जागा सोडा, पश्चिमेला दोन-चार कडुनिंब लावा. थंडीत याच परभणीत पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा उत्तरेकडून पडदा हवा.

आता रुपये. भाव गावोगाव बदलतो, वर्षागणिक बदलतो. मी सोपे आकडे धरलेत. तुम्ही तुमच्या गावचा भाव घालून पुन्हा गुणाकार करा, रीत तीच राहील.

बांधकाम, ९०० चौरस फूट, ७०० रुपये दरानं : ६,३०,०००
खोदाई आणि मुरूम, २७ ब्रास, ३००० रुपये दरानं : ८१,०००
पाण्याची टाकी, फिरवायच्या जागेला कुंपण : ८९,०००
एकूण : ८,००,०००

आठ लाख ऐकून कुणी घाबरलं नाही, हे मला दिसतंय. शताब्दी आहे, पंधरा गावं आहेत, आठ लाख उभे राहतील. भिंतीला देणगी देणारा मिळतो, कारण भिंतीवर नाव कोरता येतं. खरी गोष्ट पुढं आहे.

घोड्याच्या दाण्याला आपण चंदी म्हणतो. आपल्याकडची दख्खनी, भीमथडी घोडी अंगानं लहान आणि काटक. धनगर बांधव त्यांच्यावर बिऱ्हाड लादून कोसच्या कोस जातात. अलीकडंच या जातीला देशी जात म्हणून सरकारी नोंद मिळाली. अशा एका घोड्याला रोज अडीच किलो चंदी पकडा, हरभऱ्याचा भरडा, जव, गव्हाचा कोंडा मिळून. वैरण सांडलवंडीसह सहा किलो. थोडं मीठ. पाणी पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात जास्त.

कुणी म्हणेल, कडबा तर आपल्या घरचा आहे, परभणी म्हणजे ज्वारीचा जिल्हा. खरंय. वाळलेला, स्वच्छ कडबा कुट्टी करून चालतो. पण हिरवी ज्वारी घोड्याला दाखवायची नाही. कोवळ्या, पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीनं जनावराला किराळ लागते हे तुम्ही जाणता. घोड्याला तर हिरव्या ज्वारीनं मूत्राशयाचा आणि मागच्या पायांचा आजार होतो. बुरशी धरलेला कडबा बैल एखादवेळ पचवेल, घोडा नाही. त्याला ओकारी येत नाही. पोटात गेलेलं वाईट वरून बाहेर पडायचा रस्ताच देवानं ठेवलेला नाही. म्हणून पोटशूळ झाला की रात्रीतून घोडं जातं. आणि गाईम्हशींचं पोत्यातलं खाद्य तर बिलकुल नाही. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते गाईला चालतं, घोड्याला विष होतं. प्रेमानं घमेलंभर पेंड आणून घालणारा भाविकच घोड्याचा काळ ठरू शकतो. म्हणून पागेला दार हवं आणि दारावर माणूस हवा.

नाल दर सहा आठवड्यांनी, वर्षात नऊ वेळा. खूर वाढतच असतो, नाल झिजला नाही तरी काढून खूर छाटून पुन्हा ठोकावा लागतो. डांबरी रस्त्यावर वारीत तर आधीच झिजतो. आणि नालबंद आता गावात राहिला कुठं? त्याला लांबून बोलवायचं, तर गाडीभाडंही आपलंच.

औषधपाण्यात धनुर्वाताची लस दरवर्षी. लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून मोतद्दारालाही टोचून घ्यावं लागतं. जंताचं औषध. गोमाश्यांपासून सर्रा होतो, त्याची काळजी. आणि ग्लँडर्स. या रोगाला लस नाही, तो माणसालाही होतो, आणि तपासणीत सापडला तर कायद्यानं ते घोडं मारावं लागतं. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडं जातात. लाखो माणसांच्या गर्दीत नेणारं जनावर तपासल्याशिवाय न्यायचं नाही, हे आधीच ठरवा.

आता एका वर्षाचा, दोन घोड्यांचा खर्च :

चंदी, रोज ५ किलो, ४० रुपये दरानं : ७३,०००
वैरण, रोज १२ किलो, १० रुपये दरानं : ४३,८००
मीठ, खनिज : ५,०००
नालबंदी, नऊ वेळा, दोन घोडी, हजार रुपये दरानं : १८,०००
लस, औषध, डॉक्टर : २०,०००
दोर, तोबरे, खरारे, दिवाबत्ती, अंथरण : १२,०००
मोतद्दार, महिना १२,००० : १,४४,०००
पागेची डागडुजी, बांधकामाच्या शेकडा तीन : २४,०००
एकूण : ३,३९,८००

बघा, सगळ्यात मोठा आकडा कोणता? चंदी नव्हे, मोतद्दार. चंदी-वैरण मिळून १,१६,८००, मोतद्दार एकटा १,४४,०००. कुणी म्हणेल, पोरं आळीपाळीनं करतील. माऊली, आपली जुनी गोष्ट आहे ना, भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. घोडा रोज फिरवावाच लागतो, सणाला, लग्नाला, पेरणीलाही. शिवाय त्याला टाळ-मृदंगाची, गर्दीची, पायावर डोकं ठेवणाऱ्या माणसांची सवय महिनोन् महिने लावावी लागते. न शिकलेलं घोडं रिंगणात सोडलं आणि ते लेकराबाळांवर गेलं, तर शंभर वर्षांची पुण्याई एका क्षणात मातीत जाईल. रोज माणूस बदलला तर घोडं कुणाचंच ऐकत नाही.

आता हे पुढं ताणून बघा. आठ लाखांची पागा, आणि वर्षाचा खर्च तीन लाख चाळीस हजार. म्हणजे अडीच वर्षांत जेवढी पागा, तेवढाच दाणा-मोतद्दार. घोडं वीस-पंचवीस वर्षं जगतं. पाच वर्षांचं आणलं आणि विसाव्या वर्षापर्यंत चाललं, तर पंधरा वर्षांचे ५०,९७,०००, तेही भाव एक पैसा न वाढता. नंतर ते म्हातारं होईल. तेव्हा काय करणार? ज्याच्या पाठीवर माऊली बसले म्हणून आपण माती कपाळाला लावली, त्याला वरातीत नाचायला विकणार? मला विचाराल तर ते पाप आहे. म्हातारपणाची चंदीसुद्धा आपल्याच वहीत.

शिवाय आपला मराठवाडा आहे. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण पाहिलंय. दुष्काळात कडब्याचा भाव दुप्पट होतो, आणि तेव्हाच देणगी अर्धी होते. जनावरांच्या छावणीत गाई-बैल जातात, माऊलींचा अश्व कुठं न्यायचा? म्हणून दीड वर्षाची वैरण साठवायची ताकद हवी.

मग मी नको म्हणतोय का? नाही. माझं म्हणणं एवढंच, की भिंतीच्या आधी चंदी. नाल सापडला म्हणून घोडा घ्यायला निघू नये.

दोन वाटा मांडतो. पहिली. तीन वर्षं घोडं विकत न घेता मानानं बोलवायचं. आपल्या भागात, धनगर वस्त्यांवर, शिकवलेली घोडी आहेत. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथं जाणकार माणसं भेटतात. ज्याच्या घरी घोडं आहे त्यालाच सेवेचा मान द्यायचा. परभणीपासून पंढरपूर साधारण तीनशे किलोमीटर, मुक्काम धरून पंचवीस दिवस पकडा. दोन घोड्यांची चंदी-वैरण ८,०००, जाताना-येताना नाल ४,०००, मोतद्दार १२,०००, परतीची गाडी १५,०००, तपासणी-औषध-विमा ६,०००, मालकाचा आहेर ५,०००. एकूण ५०,०००. वर्षभर पाळण्याच्या जवळजवळ सातवा हिस्सा. रिंगण तेच, माती तीच, माऊली तेच.

दुसरी वाट, तीन वर्षांत तयारी. ३,३९,८०० भागिले ३६५, म्हणजे रोजचे ९३१ रुपये. हा झाला माऊलींच्या अश्वांचा एका दिवसाचा शिधा. पंधरा गावं आहेत. प्रत्येक गावात पंचवीस घरं निघाली, तर ३७५ घरं होतात. एका घरानं वर्षाची एक तिथी घ्यायची. बापाची पुण्यतिथी असेल, लेकराचा वाढदिवस असेल, बीज असेल, एकादशी असेल. त्या दिवशीची चंदी त्या घरची. त्या दिवशी त्या घरच्या माणसानं पागेत यावं, स्वतः पाणी दाखवावं, मोतद्दाराला विचारून. म्हणजे पैसाही येईल आणि घोड्यावर पंधरा गावांची नजरही राहील. हे पैसे वेगळ्या खात्यात, चंदी निधी म्हणून. मंडपाच्या किंवा महाप्रसादाच्या खर्चात एक रुपया मिसळायचा नाही. सलग तीन वर्षं ३६५ तिथ्या भरल्या, तर चौथ्या वर्षी मी स्वतः कुदळ घेऊन मुरूम खोदायला येतो. नाही भरल्या, तर आपल्याला कळेल की आपली हौस रिंगणापुरती होती. तेव्हा कुणालाही दोष न देता, बोलावलेल्या अश्वावरच समाधान मानायचं.

जमीन देणाऱ्या भाऊंना हात जोडून एक विनंती. शब्दावर देऊ नका. बक्षीसपत्र नोंदवून ट्रस्टच्या नावे सातबारा करा. आज तुमचं मन मोठं आहे. उद्याच्या वाटणीत तुमच्या नातवंडांचं आणि घोड्यांचं भांडण नको. आणि जोडी देणाऱ्या भाविकांना विनंती, की घोड्यांची किंमत सध्या निधीत ठेव म्हणून ठेवा. आपला मान त्यानं कमी होत नाही. घोडं देणं एका दिवसाचं, चंदी देणं रोजचं. रोजचं देणं मोठं.

एक गोष्ट शेवटी. आपल्या बायाबापड्या रात्री शाळेच्या ओट्यावर निजतात, पहाटे अंधारात आडोसा शोधतात. पागेला आठ लाख निघत असतील तर त्यांच्यासाठी फिरत्या शौचालयांची आणि पाण्याच्या टँकरची गोष्टही याच बैठकीत निघावी. गंगाखेडच्या जनाबाईंचा हा मुलूख आहे. ज्या देवानं जनीच्या जात्याला हात लावला म्हणून आपण सांगतो, त्याला आपल्या बायांची अडचण दिसत नसेल, असं मला वाटत नाही. अश्वाची सेवा आणि माणसाची सेवा यांत भांडण नाही, फक्त वही दोघांची ठेवावी लागते.

माझी वही मी मिटतो. आकडे चुकले वाटले तर इथंच विचारा, खडू-फळा आणलाय. ज्यांना तिथी घ्यायची त्यांच्यासाठी बाहेर ओट्यावर कोरं रजिस्टर ठेवलंय, ३६५ ओळी आखून. नाव लिहिताना घाई करू नका. घरी जाऊन कारभारणीला विचारा, मग लिहा. कारण ते नाव भिंतीवर कोरलं जाणार नाही. ते रोज सकाळी तोबऱ्यात पडणार आहे.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!